शिवप्पाच्या डोळ्यांचा फोटो

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि बहुतेक वेळा चिडतो. कुणाला पिंपळाखाली पांढरं काहीतरी दिसतं, कुणाला विहिरीतून हाक येते... अहो, उजेड कमी पडला की डोळ्यांना वाटेल ते दिसतं! मी उभी हयात फोटोग्राफीत घालवली. डेव्हलपर आणि हायपो ही फोटो धुण्याची औषधं, तेच माझे देव. काचेच्या प्लेटवर आलं ते होतं, आलं नाही ते नव्हतं — एवढाच माझा कायदा. तुळजापुरात राहूनसुद्धा बायको देवळात जायची तेव्हा मी बाहेर चपला सांभाळत उभा राहायचो. तेव्हा पुढचं वाचून मला कुणी भोळा म्हणू नये. भित्रा म्हणा हवं तर. ते खरं आहे आणि तेच सांगायला बसलोय.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. सोलापूर इंग्रजाचं, तुळजापूर निजामाचं. मी धंदा सोलापुरात शिकलो आणि देवळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर स्टुडिओ टाकला. यात्रेकरूंचे फोटो हे रोजचं काम, पण माझी खरी हौस वर्तमानपत्रांची. सोलापूरचं एक पत्र आणि हैद्राबादचं एक, अशी दोन माझे फोटो छापायची. दरबार, शिकारी, लग्नं, गादीवर बसणं — राजेरजवाड्यांच्या घरचं काही असलं की मी स्टँड खांद्यावर टाकून हजर. सगळ्या काचेच्या प्लेटा मी सागवानी पेट्यांत खाचा करून उभ्या लावल्या होत्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी. त्या पेट्या आजही माझ्याकडे आहेत. अभ्यासक मंडळी येतात, पांढरे हातमोजे घालून प्लेटा उजेडात धरतात आणि ‘खजिना आहे हो’ म्हणतात. म्हणोत बापडे.

या दुनियेत मला शिरकाव मिळाला तो एका जहागीरदारामुळे. त्याचं नाव लिहीत नाही, नातलग आहेत. जळकोटच्या पलीकडे चार कोसांवर त्याची गढी. आम्ही सगळे त्याला ‘सरकार’ म्हणायचो. निजामाचं राज्य म्हटलं की लोक लगेच धर्माचा अंदाज बांधतात, म्हणून सांगतो — माझ्यासारखाच हिंदू होता तो, वर कपाळाला गंध लावणारा. त्याच्याच लवाजम्यातून मी पहिल्यांदा हैद्राबाद पाहिलं. एका मोठ्या घरात कॅमेरा लागला की दुसरं दार आपोआप उघडतं. त्याचे उपकार होते माझ्यावर, आणि तो ते विसरू देणाऱ्यातला नव्हता.

दुसरं महायुद्ध चालू होतं. करडई काढणीचे दिवस. सरकारच्याच जहागिरीतल्या एका खेड्यातून एक माणूस सायकल मारत स्टुडिओत आला. त्याचा मेव्हणा शिवप्पा वारला होता आणि माती व्हायच्या आत फोटो हवा होता.

हे लिंगायत घर. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, विभूती लावतात, हार घालतात, पुढे भजन चालतं आणि बसलेलाच नेऊन पुरतात. त्यामुळे फोटो काढणं अवघड नसतं. उलट मेलेला माणूस हलत नाही, हे आम्हा लोकांना सोयीचंच. असे फोटो मी पूर्वीही काढले होते आणि नंतर प्लेटवर डोळे उघडून दिले होते. त्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. प्लेट म्हणजे निगेटिव्ह, तिच्यावर सगळं उलटं — पांढरं ते काळं, काळं ते पारदर्शक. तेव्हा मिटलेल्या पापणीवर बारीक पेन्सिलीनं डोळ्याचा पांढरा भाग भरायचा आणि चाकूच्या टोकानं बुबुळ खरवडायचं. घरच्यांना ‘आपला माणूस बघतोय’ असं वाटतं.

मी कॅमेरा लावत होतो. शिवप्पाची बायको नीलव्वा उंबऱ्याला टेकून बसली होती. रडत नव्हती. मी काळं फडकं डोक्यावर घेणार, तेवढ्यात ती उठली आणि नवऱ्याच्या अंगावरचं उपरणं तिनं काढून घेतलं.

खांद्यावर, छातीवर काठ्यांचे वळ होते. विभूतीच्या पट्ट्यांखालून काळेनिळे दिसत होते.

“गढीवरनं सांगावा आला, पायऱ्यांवरनं पडला म्हणून,” ती म्हणाली. “समद्या गावाच्या गाड्या फुकट वेठीला धरत्यात, म्हणून ह्येंनी तालुक्याला अर्जी लिवली व्हती. बोलवून घेतलं. गाडीत घालून परत धाडलं. पायऱ्या काय काठी घिऊन मारत्यात व्हय, अण्णा?”

युद्धामुळे प्लेटांची टंचाई होती, एकच प्लेट आणली होती. ती काढली.

“डोळं उघडून द्या,” ती म्हणाली. “म्या ह्यो फोटू हैद्राबादेला धाडणार आन् एक गढीच्या दारात निऊन ठिवणार. मिटल्या डोळ्याचा माणूस जाब कसा इचारील?”

शिवप्पाला मी जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून दिवस वगैरे झाल्यावर नीलव्वा भावाला घेऊन तुळजापूरला आली, दोन दुपारी स्टुडिओत माझ्याशेजारी बसली. मी पेन्सिल चालवायची आणि तिनं सांगायचं. डावा डोळा उजव्याहून बारीक. नजर खालून वर. आणि डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाच्या बाजूला एक ठिपका — लहानपणी करडईचा काटा लागलेला. तो ठिपका मी तीनदा पुसून चौथ्यांदा बसवला. कच्चा प्रिंट तिच्यापुढे धरला तेव्हा तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “आले.” चांगले प्रिंट आठ दिवसांत देतो म्हणून मी तिला पाठवलं.

गढीला बातमी लागली आणि तिसऱ्या दिवशी तिथून बोलावणं आलं. प्लेट, प्रिंट आणि कॅमेरा घेऊन या.

सरकार सदरेवर बसले होते, बाजूला दिवाणजी. सरकारांनी कच्चा प्रिंट हातात घेतला आणि आधी गंभीरपणे पाहिला, मग खो खो हसत मला म्हणाले, “फोटोवाले, हा तर जिवंत बसलाय की! टकाटका बघतोय. मग मेलं कोण?”

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नीलव्वाच्याही नाही. जाब विचारायला म्हणून आम्ही डोळे उघडले, आणि खुनाच्या पुराव्यातला मेलेला माणूसच नाहीसा केला! माझ्या कसबानं घात केला होता.

“तरी वळ दिसतात,” दिवाणजी हळूच म्हणाले.

“दिसतात ना? मग धुऊन टाका,” सरकार म्हणाले. “पुढच्या महिन्यात हैद्राबादेत संस्थानिकाच्या घरचं लग्न आहे. आमच्याबरोबर चला. कॅमेरा फक्त तुमचाच असेल, आम्ही बोललोय. नाहीतर तो कॅमेरा आजच इथं ठेवा आणि घरी जा.”

मी प्लेट धुतली. कुणी काठी उगारली नाही, कुणी हात धरला नाही. भर दुपारी, गढीच्या चौकात, परातीत सोड्याचं गरम पाणी घेऊन मी स्वतःच्या हातानं धुतली. दुधावरची साय निघावी तसा काचेवरचा थर सुटत गेला. आधी खांदे गेले, वळ गेले, मग तोंड. डोळ्यांवर पेन्सिलीचं काम होतं म्हणून असेल, तेवढा तुकडा काच सोडेना. तो मी अंगठ्यानं घासला. प्रिंट दिवाणजींनी चुलीत घातला.

“आता आमचा काढा,” सरकार म्हणाले आणि चौकातच सावलीला खुर्ची टाकून बसले.

नीलव्वाला मी सांगितलं, प्लेट तडकली. ती आल्या पावली परत गेली.

आता जे सांगतो ते आपापल्या बुद्धीनं घ्या. त्या दुपारच्या दोन प्लेटा मी डेव्हलप केल्या. दोन्हीत सरकारांचे डोळे मिटलेले. ‘पापणी लवली असेल’ असं मला शिकवू नका! सावलीतलं एक्स्पोजर दोन-दोन सेकंदांचं. तेवढ्यात पापणी लवली तरी प्लेटवर उमटत नाही. डोळे मिटलेले यायचे तर माणसानं पूर्ण वेळ मिटून बसायला हवं, आणि मी समोर उभा होतो — सरकार लेन्सकडे रोखून बघत होते. हैद्राबादच्या लग्नात चार प्लेटा काढल्या. डझनभर सरदार एका रांगेत, सगळ्यांचे डोळे उघडे. एकाचेच मिटलेले.

मग मी पेट्या उघडल्या. सरकारांचे जुने फोटो, शिवप्पा जिवंत असतानाचे. वाघावर पाय ठेवलेला, घोड्यावरचा, नव्या मोटारीशेजारचा. प्रिंट मीच काढून दिले होते, उघड्या डोळ्यांचे, हे मला पक्कं आठवतं. प्लेट उजेडाला धरली... मिटलेले. एकूण एक प्लेटमध्ये. भिंग लावून पाहिलं, ओरखडा नाही, पेन्सिल नाही.

काय करणार? मेलेल्यांचे काढायचो तसे मी सरकारांचे डोळे काढले. पेन्सिल, चाकू, पेन्सिल. वर्षभर त्यांचा एकही फोटो माझ्या हातच्या डोळ्यांशिवाय बाहेर गेला नाही. कुणालाच कळलं नाही. मला मात्र बाकीचे राजेरजवाडे बोलवू लागले. नाव झालं, पेट्या वाढल्या.

आणि मग सरकारांच्या पापण्या पडू लागल्या.

आधी संध्याकाळच्या जड व्हायच्या, मग दुपारपासून, मग सकाळी उठल्यावरसुद्धा. सोलापूरहून डॉक्टर आणला. त्यानं पापण्या बोटांनी वर करून बत्ती मारली आणि म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. हा आजार असतो म्हणे, आज मला ठाऊक आहे. पण आजाराच्या आधी वर्षभर फोटो आजारी पडतात का, हे कुठल्याही डॉक्टरनं मला सांगितलेलं नाही. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. बरं वाटलं. देवाधर्माला न मानणारा मी, त्या दिवशी बायकोला म्हणालो, पुरणपोळी कर.

जहागिरीत कुजबुज झाली, सरकार आंधळे झाले. तसं हैद्राबादेत कळलं तर कारभार काढून घेतील. म्हणून ठरलं की ताजा फोटो वर्तमानपत्रात छापायचा आणि एकेक प्रत प्रत्येक गावच्या चावडीत लावायची. मला बोलावणं आलं.

सकाळची वेळ, सदरेवर चांगला उजेड. जरीचा फेटा, तलवार, सगळा थाट. दिवाणजींनी पापण्या बोटानं वर केल्या, सोडल्या की पडायच्या. शेवटी सरकारच खेकसले, “राहू द्या! फोटोवाला काढील डोळे. मेलेल्यांचे काढतो, माझे नाही काढणार?”

मी एक प्लेट काढली. दोन सेकंद. पूर्ण वेळ डोळे मिटलेले, हे मी बघितलंय, दिवाणजींनी बघितलंय.

स्टुडिओत येऊन प्लेट डेव्हलपरमध्ये टाकली, हायपोतून काढली, खिडकीशी धरली. डोळे उघडे होते. डावा उजव्याहून बारीक, नजर खालून वर. प्रिंट काढून भिंग लावलं. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाच्या बाजूला ठिपका. पेन्सिलीला मी हातसुद्धा लावलेला नव्हता.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी आत उसळलं. प्लेट दुसऱ्यांदा धुवायची बुद्धी मला झाली नाही, एवढंच पुण्य माझ्या नावावर. प्रिंट घेऊन गढीवर गेलो. दिवाणजींनी पाहिला आणि झटकन उपडा करून ठेवला. शिवप्पाला मार बसला तेव्हा ते तिथं हजर होते ना!

“कसे आलेत डोळे?” सरकारांनी विचारलं.

“फार चांगले आलेत, सरकार,” मी म्हणालो. “बोलके.”

डोळे कुणाचे ते सरकारांना सांगायची दिवाणजींची छाती नव्हती, त्यांनी प्रिंट छापायला धाडला. फोटो छापून आला. चावड्यांत लागला. शिवप्पाच्या गावानं तो ठिपका ओळखला आणि आठ दिवसांत सगळ्या जहागिरीला कळलं की खुर्चीवर सरकार बसलेत आणि बघतोय शिवप्पा. लोक चावडीपुढून जाताना हात जोडायचे, परक्याला वाटावं सरकारांना जोडतात. वेठीला बोलावलं तर गडी चावडीकडे बोट दाखवून हसायचे आणि गाडी न जुंपताच निघून जायचे. काय चाललंय ते न कळणारा जहागिरीत एकच माणूस उरला होता.

मग एका दुपारी नीलव्वा स्टुडिओच्या दारात उभी राहिली. पदरात वर्तमानपत्राची घडी.

“ह्ये डोळं तुमी काढलं?”

“नाही.”

“प्लेट तडकली म्हनला व्हता.”

मी तिला सगळं सांगितलं. परात, सोडा, अंगठा. ती ओरडेल, शिव्या देईल, मला वाटलं मारेलसुद्धा... बरं झालं असतं. तिनं घडी परत पदरात ठेवली. “चला माझ्यासंगं. तुमी साक्षीला पायजेल.”

जळकोटपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं आम्ही दुसऱ्या दिवशी गढीवर पोचलो. देवडीवर तिला कुणी अडवलं नाही. पहारेकऱ्यांनी पाहिलं आणि बाजूला झाले. सरकार सदरेवर, तोंड दाराकडे, डोळे मिटलेले. नीलव्वानं वर्तमानपत्र उलगडून उंबऱ्यावर ठेवलं.

“कोण आहे?” सरकार म्हणाले.

“शिवप्पा आलाय,” ती म्हणाली. “तुमच्याच खुर्चीवर बसलाय. समदी जहागीर बघून ऱ्हायली, तुमीच तेवढं ऱ्हायला. उघडा की डोळं. बघा त्येच्याकडं.”

“दिवाणजी, काय बडबडतेय ही?”

“फोटोवाले आलेत, त्यांनाच विचारा,” दिवाणजी म्हणाले आणि खांबाआड सरकले. मग सरकारांनी मला हाक मारली. मी म्हणालो, “खरं आहे, सरकार. डोळे त्याचे आहेत. मी काढलेले नाहीत.”

सरकारांनी दोन्ही हातांनी पापण्या वर ओढल्या. डोळा दिसला, पण त्याला काही दिसलं की नाही कोण जाणे, कारण तो माणूस किंचाळला आणि नखांनी पापण्या ओरबाडत सुटला. रक्त आलं. गडी धावले. नीलव्वा जागची हलली नाही. पूर्ण बघून झाल्यावर म्हणाली, “झालं. चला अण्णा.”

पुढे पोलीस ॲक्शन झाली, जहागिऱ्या गेल्या. त्या धामधुमीत गढी लुटली गेली, भिंतीवरचे उघड्या डोळ्यांचे जुने फोटोही गेले. सरकार नातलगांकडे कुठंतरी मेले, कसे ते मी विचारलं नाही.

पण त्या दिवशी परतताना बैलगाडीत नीलव्वा मला म्हणाली, “त्येचं झालं. आता माझं द्या. डोळं हायत, बाकी तोंड काढून द्या. रोज थोडं थोडं इसरतंय, अण्णा. परवा हनुवटी आठवंना.”

हे मला करायलाच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम मनापासून करावंसं वाटलं. ती स्टुडिओत येऊन बसली. मी कागद घेतला, फोटोतले डोळे समोर ठेवले. ती सांगत गेली — नाक बसकं, गाल आत गेलेले, मिशी पांढरट. मी तिच्या शब्दाबरहुकूम पेन्सिल चालवली. झाल्यावर कागद सरळ धरला तर सरकारांचं तोंड. नाक सरळ, गाल भरलेले, मिशीला पीळ. दुसरा कागद घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी एकेक रेघ तिला विचारून ओढत होतो. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांभोवती तिच्या नवऱ्याला मारणाऱ्याचं तोंड माझ्याच हातून उतरत होतं आणि ती ते बघत होती.

तिनं कागदावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ द्या, अण्णा. तुमच्या हाताला त्येंचीच सवय हाय.”

ती गेली. पुन्हा आली नाही. मी तिच्या गावी दोनदा गेलो, तिनं पाणी दिलं आणि आत निघून गेली. नवऱ्याचं तोंड विसरत विसरतच ती वारली असणार. जहागीरदाराला शिक्षा कुणी दिली ते मला सांगता येणार नाही, पण माझी तिनं एका वाक्यात दिली आणि ती मी अजून भोगतोय.

हे सगळं कसं झालं? प्लेट सदोष? सगळ्याच? माझ्याच मनाचे खेळ? मग सबंध जहागिरीनं काय पाहिलं? मी तज्ज्ञांना प्लेटा दाखवल्या. ते म्हणतात, रिटचिंग नाही. पुढे खांदे उडवतात. मलाही उत्तर सापडलेलं नाही आणि आता शोधतही नाही.

गेल्या वर्षी माझ्या पेट्यांचं प्रदर्शन भरलं, राजेरजवाड्यांच्या फोटोंचं. त्या शेवटच्या फोटोखालची चिठ्ठी मी बदलली. सरकारांचं नाव काढलं आणि शिवप्पाचं लिहिलं, गावासकट. सरकारांचे नातलग भडकले. वकिलाचं पत्र आलं — फोटो आमच्या आजोबांचा आहे, नाव ताबडतोब दुरुस्त करा.

मी उलट टपाली उत्तर पाठवलं. तुमच्या आजोबांचा डोळे उघडे असलेला, पेन्सिल न लागलेला एक फोटो आणून दाखवा. त्याच दिवशी चिठ्ठी बदलतो.

अजून कुणी आलेलं नाही.